पिण्याची जबानी आणि रक्ताची साक्ष

आलापल्लीच्या चौकातून एक रस्ता भामरागडाकडे जातो, एक एटापल्लीकडे, एक सिरोंच्याकडे, आणि एक आष्टीवरून शंभराहून अधिक किलोमीटर कापीत गडचिरोली या जिल्ह्याच्या ठिकाणाकडे. आणि या मुलखातील मद्यपानाचा विचार करणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, या वाटांवर माणसांची बोली जशी बदलत जाते तसे त्यांचे पेयही बदलत जाते. भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावांत मोहाची दारू आणि गोरगा या ताडाच्या जातीच्या झाडाचा रस, सिरोंच्याच्या अंगास तेलुगू मुलखाच्या सान्निध्याने ताडी, आणि आष्टीपाशी वैनगंगा ओलांडली की पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील परवान्याच्या दुकानातील बाटली. अशा ठिकाणी साठी-सत्तरी उलटलेल्या एखाद्या गृहस्थास ‘बाबा, घेता का?’ असे विचारले आणि त्याने ‘नाही जी’ म्हणून मान हलविली, तर त्या उत्तराचे मोल ठरविणे हा आरोग्यशास्त्रापुढचा एक खरोखर अवघड प्रश्न आहे. आणि त्या उत्तराशेजारी त्याच गृहस्थाच्या रक्ताचा अहवाल आणून ठेवला म्हणजे प्रश्न सुटतो, अशी जी समजूत आहे ती पुष्कळशी अपुरी आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था, इतर कार्यकर्ते आणि विशेषतः गावोगावच्या स्त्रिया यांनी चालविलेल्या चळवळीच्या फलस्वरूप १९९३ साली येथे दारूबंदी अंमलात आली. ज्यांच्या घरात दारूने हाहाकार केला होता त्या बायांनी ती मागून घेतलेली असल्यामुळे तिला वरून आलेल्या हुकुमाहून निराळे नैतिक अधिष्ठान लाभले, आणि ते आजही टिकून आहे. परंतु माहिती गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने तिचा एक परिणाम असा झाला की, जो प्रश्न नाशिकात किंवा साताऱ्यात केवळ संकोचाचा असतो तो येथे कायद्याचाही झाला. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे वैनगंगेच्या दोन तीरांवरील दोन समवयस्क वृद्धांनी तेच पेय त्याच मापाने घेतले, तरी एकाच्या कबुलीत गुन्ह्याचा अंश आहे आणि दुसऱ्याच्या कबुलीत नाही. दोघांच्या जबान्या एकाच रकान्यात भरून त्यांची बेरीज करणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

जबानी घेण्याचे शास्त्र बरेच पुढे गेलेले आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत पडताळून तयार केलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली सर्वत्र वापरात आहे. तिच्यात शून्यापासून चाळिसापर्यंत गुण पडतात आणि आठ किंवा अधिक गुण धोक्याची खूण मानली जाते. दुसऱ्या एका पद्धतीत पंचांग पुढे ठेवून मागील दिवस एकेक करून आठवायला लावतात: बाजाराचा दिवस कोणता, पाहुणे कधी आले, लग्न कोणाचे होते, आणि त्या-त्या दिवशी काय व किती घेतले. या दुसऱ्या पद्धतीने वृद्धांकडून पुष्कळ अधिक माहिती मिळते, कारण वृद्धांची स्मृती सरासरी काढण्यास नाखूश असते, पण प्रसंग मात्र नीट जपून ठेवते. ‘आठवड्यातून किती वेळा?’ या प्रश्नास निरुत्तर होणारी आजी नातवाच्या बारशाचा सारा तपशील सांगू शकते.

खरी अडचण मापाची आहे, आणि ती आलापल्लीच्या भोवती जितकी स्पष्ट दिसते तितकी शहरात दिसत नाही. प्रश्नावली ‘प्रमाण पेय’ हे एकक गृहीत धरते. आपल्याकडे व जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात त्यात दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. कारखान्याच्या बाटलीवर मद्यार्काचे शेकडा प्रमाण छापलेले असल्यामुळे तेथे हा हिशेब जमतो. परंतु मोहाच्या बाबतीत काय घडते ते पाहावे. चैत्राच्या सुमारास वेचून वाळविलेली फुले पाण्यात काही दिवस आंबत घालतात, ते आंबवण चुलीवर चढवितात, आणि निघालेली वाफ गार पाण्याने थंड होऊन थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात उतरते. आरंभी उतरणारी पहिल्या धारेची दारू कडक, आणि जसजसा वेळ जाईल तसतशी ती पातळ व पाणचट होत जाते. आता एकाने १८० मिलिलिटर प्यालो म्हणून सांगितले, आणि त्या द्रवात शेकडा दहा मद्यार्क असला, तर त्याच्या पोटात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क गेला. शेकडा तीस असला तर सुमारे ४३ ग्रॅम. कबुली अक्षरशः खरी, आकडा मात्र तिप्पट. शिवाय पेय पानाच्या डोण्यातून फिरत असेल, तर १८० मिलिलिटर हा शब्दच त्या माणसाच्या अनुभवात नाही. तो ‘दोन डोणे’ म्हणेल, आणि डोणा कोणी लावला यावर त्याचे माप अवलंबून राहील. अशा उत्तरास असत्य म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे. जेथे प्रश्नकर्त्याजवळच माप नाही तेथे उत्तर देणाऱ्याकडून अचूकतेची अपेक्षा कोणत्या हक्काने करावी?

विचारणारा कोण, यावरही उत्तर फिरते. त्याच माणसास गावातील आशा कार्यकर्ती विचारील तेव्हा तो एक सांगेल, मुक्तिपथ या दारूविरोधी कार्यक्रमाच्या कामातील गावची बाई विचारील तेव्हा दुसरे, आणि सून ऐकत असताना बाहेरगावचा सर्वेक्षक विचारील तेव्हा तिसरेच. वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत तर पुष्कळदा प्रश्नच विचारला जात नाही. विचारणाऱ्याच्या मनात सभ्य स्त्री पीत नाही असा पक्का ग्रह असतो, आणि माडिया समाजात पंडुमाच्या, म्हणजे सणाच्या वेळी, विवाहात किंवा मृताच्या विधीत स्त्रीपुरुष दोघांनाही मोहाची दारू अर्पणाचा भाग म्हणून दिली-घेतली जाते, हे त्याच्या गावी नसते. मग कागदावर ‘नाही’ असा शेरा पडतो, तो त्या स्त्रीने न दिलेल्या उत्तराचा.

जबानीवर विसंबता येत नाही, तेव्हा शरीरालाच विचारावे, ही कल्पना आपल्याकडे वैद्यकातून येण्यापूर्वी कायद्यातून आली, आणि तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५१ च्या मे महिन्यात मुंबईत कुलाबा भागात एका सरकारी अधिकाऱ्याच्या जीपने तिघांना धक्का दिला. त्याच्या तोंडास दारूचा वास आला म्हणून खटला झाला. आणि आपण मद्यार्कयुक्त शक्तिवर्धक औषध घेतले होते, असा त्याने बचाव केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५४ मध्ये तो अधिकारी सुटला. केवळ वासावरून प्यालेले औषध की दारू हे ठरत नाही, ही अडचण त्या खटल्याने लख्ख पुढे आली. पुढे १९५९ च्या दुरुस्तीने रक्ततपासणीस कायद्यात स्थान मिळाले, रक्तात शेकडा ०.०५ अथवा अधिक मद्यार्क सापडल्यास आपण निषिद्ध मद्य घेतले नाही हे दाखविण्याचा भार आरोपीवर आला, आणि त्याच वर्षी तपासणीचे नियमही झाले. त्या नियमांतील बारकावा आजही वाचण्याजोगा आहे: सुई उकळत्या पाण्याने निर्जंतुक करावी, कातडी निर्जंतुक पाण्याने पुसावी, रक्त काढण्याच्या कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ देऊ नये, निदान पाच घनसेंटिमीटर रक्त शिरेतून घ्यावे, ते गोठणे व नासणे थांबविणारे द्रव्य घातलेल्या कुपीत भरून जोराने हलवावे, मोहोर करावी, आणि सात दिवसांच्या आत परीक्षकाकडे रवाना करावे. दवाखान्यात नित्य हाताशी असणारा स्पिरिटचा बोळाच येथे पुराव्याचा नाश करू शकतो, हे नियमकर्त्यांनी बरोबर ओळखले होते.

परंतु कायद्यास त्या क्षणाशी कर्तव्य असते, वैद्यास महिन्यांशी. रक्तातील मद्यार्क ताशी साधारण शंभर मिलिलिटरमागे पंधरा-वीस मिलिग्रॅम या गतीने उतरतो, म्हणजे रात्री प्यालेल्याचे रक्त दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुधा निष्कलंक होते. म्हणून वैद्यकाने मद्यार्क ओसरल्यानंतर त्याच्या मागे राहणाऱ्या पाऊलखुणा शोधल्या, आणि त्यांचे दोन स्वतंत्र वर्ग पडतात.

पहिल्या वर्गातील खुणा अप्रत्यक्ष आहेत: मद्यामुळे शरीरात जो बिघाड होतो तो त्या दाखवितात. यकृतातील जीजीटी हे वितंचक वाढते, आणि पिणे थांबले की दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. तांबड्या पेशींचे आकारमान, म्हणजे रक्ताच्या साध्या अहवालात एमसीव्ही म्हणून छापलेला आकडा, महिनोन्महिने पिणाऱ्यात वाढतो, आणि पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने खाली यायलाही तितकाच काळ घेतो. या दोन्ही तपासण्या स्वस्त आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतात. पण वार्धक्य आणि हा प्रदेश या दोहोंच्या संयोगात त्या फारच दिशाभूल करतात. मधुमेह, यकृतातील चरबी, अपस्मारावरील फेनिटॉइन, क्षयावरील रिफॅम्पिसिन यांनीही जीजीटी चढते. एमसीव्ही वयाबरोबर थोडे वाढतेच. ब-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेने ते आणखी वाढते. आणि ज्या पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी ठाऊक असलेला आजार आहे, तेथे त्यावर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियानेही ते वाढते. उलट थॅलसेमियाचा दोष किंवा लोहाची उणीव असलेल्या माणसात पेशी मुळातच लहान असल्याने रोज पिणाऱ्याचाही आकडा बेमालूम सामान्य दिसू शकतो. केवळ या दोन आकड्यांवर विसंबून एखाद्या सत्तर वर्षांच्या माणसास ‘तू खोटे बोलतोस’ असे सुनावणारा वैद्य शास्त्राचा आधार सोडून बोलत असतो.

याच पहिल्या वर्गातील आणखी एक खूण म्हणजे सीडीटी. रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला शर्करेच्या शृंखला जोडलेल्या असतात, आणि दीर्घ मद्यपानात त्या अपुऱ्या राहतात; स्वीडनमधील संशोधकांनी १९७० च्या दशकात हे दाखविले. वय आणि यकृताचे सामान्य विकार तिला फारसे ढळवीत नाहीत, हा तिचा मोठा गुण. परंतु रोज पन्नास-साठ ग्रॅम मद्यार्क निदान दोन आठवडे पोटात गेल्याखेरीज ती जागी होत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी घेणारा म्हातारा तिला दिसतच नाही.

दुसऱ्या वर्गातील खुणा प्रत्यक्ष मद्यार्काच्याच बनलेल्या असतात. मद्यार्काचा अल्पसा अंश यकृतात ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडला जाऊन एथिल ग्लुक्युरोनाइड तयार होते आणि ते लघवीवाटे दोन-तीन दिवस, क्वचित पाच दिवसांपर्यंत सापडते. येथेही वृद्धत्व आडवे येते: मूत्रपिंड मंदावलेले असेल तर ते अधिक काळ रेंगाळते, आणि वृद्धांत, विशेषतः स्त्रियांत, नेहमी आढळणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असेल तर काही जंतू ते बाटलीतच विघटित करून टाकतात. मधुमेह्याच्या साखरयुक्त लघवीत याच्या नेमके उलट घडू शकते: नमुना उष्ण हवेत पडून राहिला, तर जंतू किंवा किण्व त्या साखरेपासून बाटलीतच मद्यार्क निर्माण करतात, आणि आयुष्यात थेंबही न घेतलेल्या आजीच्या नावावर दारू जमा होते. मे महिन्यातील गडचिरोलीच्या उन्हात नमुन्याची पेटी एसटीच्या टपावर ठेवून पाठविणाऱ्याने हे विसरू नये.

आज या क्षेत्रात सर्वांत अधिक भरवसा ज्या खुणेवर ठेवला जातो ती फॉस्फॅटिडिलएथेनॉल, संक्षेपाने पीईटीएच. तांबड्या पेशीच्या आवरणात मद्यार्काच्या उपस्थितीतच, आणि केवळ तेव्हाच, एक विशिष्ट वितंचक हे द्रव्य तयार करते. पेशीत ते मोडण्याची सोय जवळजवळ नसल्याने ते साचत जाते आणि सरासरी चार ते दहा दिवसांत निम्मे होत होत दोन ते चार आठवडे मागावर राहते. २०२२ मध्ये बाझल येथे ठरलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार मिलिलिटरमागे २०० नॅनोग्रॅम किंवा अधिक म्हणजे भारी मद्यपान, आणि २० च्या खाली म्हणजे मद्यत्याग किंवा अल्प मद्यपान. या शेवटच्या ‘किंवा’कडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. वर्षात तीन पंडुमांना पिणारा माणूस आणि आजन्म निर्व्यसनी माणूस यांच्यात ही उत्कृष्ट तपासणीही भेद करू शकत नाही. तो भेद केवळ त्या माणसाच्या तोंडूनच कळू शकतो. शिवाय सिकलसेलसारख्या आजारात तांबड्या पेशी अल्पायुषी असल्यामुळे हा आकडा प्रत्यक्ष पिण्याच्या मानाने कमी दिसण्याचा संभव ध्यानात ठेवावा लागतो.

म्हणून जबानी आणि रक्त यांची तुलना करताना दोहोंपैकी कोणासही अंतिम निवाड्याचा अधिकार नाही. जबानी वर्षभराचा काळ व्यापते, पण माप आणि भय यांच्यापाशी अडखळते; रक्त भयमुक्त आहे, पण त्याची स्मृती महिन्याभराची. जानेवारीत तपासणी केली आणि मोहाची दारू चैत्र-वैशाखात वाहिली, तर ‘घेतो जी’ म्हणणाऱ्याचे रक्त कोरे निघेल, आणि निष्काळजी संशोधक त्यास बढाईखोर ठरवील. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या रक्तात २०० च्या वर आकडा निघाला तर मात्र विसंगती खरी आहे, आणि तिचा अर्थ त्या माणसाजवळ बसूनच लावावा लागतो.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी केला तर मी त्यास अहेरीच्या किंवा कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयातील हाडांच्या खाटेकडे नेईन. पाय घसरून मांडीचे हाड मोडलेला वृद्ध दाखल होतो. विचारल्यावर ‘घेत नाही’ म्हणतो, कारण जवळ मुलगा उभा आहे आणि जिल्ह्यात बंदी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात कापू लागतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात, तो सलाईन उपटून उठू पाहतो. घरचे म्हणतात बाहेरचे झाले, शेजारचा रुग्ण म्हणतो म्हातारपणाचा भ्रम. आणि वास्तविक ते रोजची दारू अकस्मात तुटल्याने उद्भवलेले, वेळीच न ओळखल्यास प्राणावर बेतणारे विकार असतात. आधी ठाऊक असते तर थायमिन वेळेवर देता आले असते, शामक औषध मोजून देता आले असते. त्यात वार्धक्याची भर अशी की, तरुण पुरुषाच्या देहात वजनाच्या सुमारे साठ टक्के पाणी असते ते उतारवयात पन्नासच्या आसपास येते, आणि मद्यार्क पाण्यातच पसरत असल्याने चाळिशीत पचणारा तोच पेला सत्तरीत रक्तात अधिक चढतो, तोल अधिक घालवितो. झोपेच्या, मधुमेहाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांशी त्याचा होणारा संयोग निराळाच. अशा रुग्णाकरिता खरी माहिती हे औषधच आहे.

ती मिळविण्याचा मार्ग अशक्य नाही. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची जी पाहणी सुरू केली, तिच्यात मद्यपानाचे प्रश्न होते, आणि बोटाला टोचून काढलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून गोळा करण्याची पद्धतही होती. अशा वाळलेल्या थेंबातून पीईटीएच मोजता येते, आणि वाळल्यामुळे नमुन्यात ते नव्याने तयार होण्याची भीतीही फारशी उरत नाही. थंड पेटीची गरज न पडता तो कागद टपालाने नागपूर-पुण्यापर्यंत जाऊ शकतो. आलापल्ली परिसरात अशी तुलना करावयाची झाल्यास माझ्या मते प्रश्न माडियात, तेलुगूत व मराठीत, समवयस्क स्थानिक माणसाने, कुटुंबीय दूर असताना विचारावेत. डोणा, ग्लास, पव्वा प्रत्यक्ष पुढे ठेवून मापे घ्यावीत, आणि गावात उतरलेल्या दारूचे बल मोजावे. तपासणी मोहाच्या हंगामात एकदा व पावसाळ्यात एकदा व्हावी. आणि सर्वांआधी ग्रामसभेपुढे स्पष्ट करावे की, हा कागद पोलीस ठाण्यात किंवा उत्पादन शुल्क खात्यात जाणार नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस मादक पदार्थांच्या नियमनाचा अधिकार दिलेला आहेच. तिच्या संमतीवाचून गावकऱ्यांचे रक्त नेणे अनुचित होय.

अहवाल प्रथम त्या वृद्धाच्या हाती द्यावा. समजा पहिल्या खेपेस आकडा ४०० निघाला, त्याने पिणे थांबविले आणि त्याच्या पेशींत तो आठवड्यागणिक निम्मा होत गेला, तर चार आठवड्यांनी तो २५ वर आलेला दिसेल. ५० च्या पुढेच अडला, तर थेंब किती आणि कोणत्या दिवशी पोटात गेला हे विचारण्यास वैद्याजवळ आता कारण असेल, आणि सांगण्यास त्या बाबांजवळ विश्वास.